बाहेरचे बोल्ट

त्या स्टेशनावर त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पोरगी लहान असताना तो अंगाई म्हणायला लागला की बायको हात जोडायची, "पुरे करा हो, झोपलेली उठून बसेल." पण लोखंडावर हातोडी मारून त्याच्या पोटात काय चाललंय ते सांगायचं म्हटलं, तर दुसरा असा कान शोधून सापडला नसता. धडधाकट बोल्ट 'टण्ण' वाजतो. ढिला असला तर 'टक' म्हणतो. आणि आतून सडला असला तर 'ठक' करतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. बत्तीस वर्षं हेच त्याचं काम. उपनगरी मार्गावरच्या चौदा स्टेशनांचे पादचारी पूल त्याच्या हातोडीखाली होते, आणि त्यातलं हे त्याचं घरचं स्टेशन, क्वार्टरपासून चालत दहा मिनिटांवर.

स्टेशनाचा पुनर्विकास निघाला तेव्हा सगळ्यात आधी जुनं तिकीटघर पाडायचं ठरलं. नवी इमारत उभी राहायला दीड वर्ष. तोवर तिकिटं कुठून द्यायची? कामावरचा साहेब तरुण होता, डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात कायम फोन, पण माणूस वाईट नव्हता. तो कानसेनला घेऊन पुलावर गेला. दोन फलाटांच्या मधोमध, बरोबर रुळांच्या वर, पूल थोडा रुंद होता.

"काका, इथे पत्र्याची केबिन ठेवतो. दोन तिकीट खिडक्या, वर पाण्याची टाकी. शिवाय समोर रांग लागणार, ती वेगळी. पेलेल का पुलाला?"

आता माणसाने अशा वेळी जरा दम खावा की नाही? बघतो म्हणावं, दोन दिवस द्या म्हणावं. पण साहेबाने विचारलं होतं, आणि मागे ठेकेदाराची चार माणसं ऐकत उभी होती. कानसेनने कठड्यावर थाप मारली.

"हत्ती नाचवा, साहेब! हत्ती!"

सगळे हसले. साहेबाने तपासणीची वही मागवली. अठ्ठेचाळीस बोल्ट, प्रत्येकापुढे बरोबरची खूण, खाली कानसेनची वळणदार सही. साहेबाने पानांचे फोटो काढले आणि म्हणाला, "झालं तर मग, तुमची सही म्हणजे विषयच संपला." पंधरा दिवसांत क्रेनने केबिन उचलून पुलावर ठेवली. आणि त्या केबिनीत पहिल्या खिडकीवर कोण बसलं? त्याचीच लेक.

लेकीला तो माऊ म्हणायचा. अठ्ठावीस वर्षांची होती, तिकीट खिडकीवर सहावं वर्ष. आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात दोघंच. माऊ बापाला धाकात ठेवायची, गुडघ्याला तेल लावलं का, गोळी घेतली का, चष्मा कुठे टाकलात. नव्या केबिनीवर ती खूश होती. "बाबा, वारा काय छान येतो! जुन्या खुराड्यात सहा वर्षं घाम पुसला मी." दुसऱ्या खिडकीवर तिची मैत्रीण होती. तिच्या तोंडाला दिवसभर खळ नसे म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. गिऱ्हाईक तिकीट घेऊन गेलं तरी हिचं वाक्य चालूच.

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं. ती सही खोटी होती का? हो म्हणावं तर हो, नाही म्हणावं तर नाही.

पुलाच्या प्रत्येक सांध्याला दोन मोठे बोल्ट असतात. एक आतल्या अंगाला, तिथे घडवंचीवर उभं राहून हात पोचतो. दुसरा बाहेरच्या अंगाला, थेट रुळांवर, आणि त्याच्या हातभर खाली विजेची तार. तिथे शिडी लावायची तर आधी गाड्या थांबवायच्या, तारेतली वीज बंद करायची. त्याला ब्लॉक म्हणतात, आणि ब्लॉक मागायचा म्हणजे दहा कागद, वीस फोन, शेवटी 'आज जमणार नाही'. म्हणून कानसेनच्या आधीच्या म्हाताऱ्या मुकादमाने तुकडीला एक रीत घालून दिली होती. जोडीतला आतला वाजवायचा आणि वहीत दोन्ही लिहायचे. "एका दिवशी बसवलेत, एका भट्टीतले आहेत. आतला बोलला म्हणजे बाहेरचा बोलला," असं तो म्हणायचा. शितावरून भाताची परीक्षा! तुकडीतल्या कुणालाही यात पाप वाटत नव्हतं. सुरुवातीला दर दोन वर्षांनी एखादा ब्लॉक मिळायचा, मग बाहेरचेही वाजवून व्हायचे. पुढे गाड्या वाढल्या, ब्लॉक मिळेनासे झाले. बाहेरच्या बोल्टांना शेवटची हातोडी लागून आता नऊ वर्षं झाली होती. आणि यातलं काहीही कानसेनला त्या दिवशी पुलावर आठवलं नाही, ही खरी गंमत. जे रोज करतो ते माणसाला चुकीचं वाटतच नाही.

आठवलं ते केबिन बसल्यानंतर आठव्या दिवशी.

ठेकेदाराच्या माणसांनी त्या दिवशी पुलाच्या बाहेरच्या बाजूचे जुने पत्रे उतरवले. कानसेन फलाटाच्या टोकाला उभा होता, सहज मान वर गेली. पत्र्यांमागे इतकी वर्षं झाकलेला भाग पहिल्यांदाच उघडा पडला होता. चौथ्या सांध्याखाली तांबूस ओघळ होता, हाताच्या पंजाएवढा रुंद. पाचव्याखाली तसाच. सहाव्याखालचा तर तुळईवरून पार खालपर्यंत उतरलेला. वरून रंगाचे दोन हात मारलेले, पण गंजाने रंग फोडून बाहेर तोंड काढलं होतं.



त्याने हातोडी काढली, जिना चढला, पुलाच्या पोटाखालच्या घडवंचीवर उभा राहून चौथ्या सांध्याचा आतला बोल्ट वाजवला. टण्ण. पाचव्याचा, टण्ण. सहाव्याचाही टण्ण, अगदी देवळातल्या घंटेसारखा. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या आवाजाने त्याला धीर आला नाही. आतला बोलत होता, पण बाहेरच्याबद्दल तो काय सांगणार? त्याच्या डोक्यावर, चार हातांवर, केबिन होती. खिडकीतून माऊ कुणाला तरी सुट्टे नाहीत म्हणून झापत होती. रांग जिन्यापर्यंत आली होती. तेवढ्यात खालून जलद गाडी गेली आणि पूल थरथरला. पूल रोजच थरथरायचा. आज मात्र ती थरथर थांबेपर्यंत तो मनात आकडे मोजत राहिला.

तो तसाच साहेबाकडे गेला.

"साहेब, एक ब्लॉक मिळेल का? अर्ध्या तासाचा."

"ब्लॉक?" साहेबाने फोनवरची नजर काढली नाही. "पुढचा आहे तो अकरा दिवसांनी. तेव्हा करा काय करायचं ते. का हो, काही विशेष?"

झालं! हाच तो क्षण होता. चार शब्द बोलायचे होते, 'बाहेरचे बोल्ट वाजवलेले नाहीत.' पण ते बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग सही कशी केलीत? आणि त्याच्या पुढचा, किती वर्षं?  ठेकेदाराची माणसं परवाच कानसेनकडे बोट दाखवून नवीन पोरांना म्हणाली होती, हा माणूस लोखंडाशी बोलतो.

"काही नाही," तो म्हणाला. "सहजच विचारलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माणसं उगाच म्हणत नाहीत. पण त्या मुठीत आपलंच पोर असलं तर?

पुढचे तीन दिवस त्याने जे काढले ते वैऱ्यावरही येऊ नयेत. सकाळी माऊ डबा भरून निघाली की हा मागोमाग. फलाटावर उभा राहून सांधे बघायचा. ओघळ वाढलाय का? सहावा कालच्यापेक्षा ओला दिसतोय का? पलीकडे नव्या खांबांसाठी जमिनीत लोखंड ठोकणारं यंत्र चालू होतं, धम्म, धम्म, आणि प्रत्येक धम्मला याचे खांदे वर जायचे. गाडी आली की तो माणसं मोजायचा. पुलावर किती, रांगेत किती, धावत चढणारे किती. चहा समोर ठेवला तर थंड व्हायचा. चहावाला म्हणाला, "काका, कुणाची वाट बघताय?" तर हा दचकला, चोरी पकडल्यासारखा.

मनाशी दोन्हीकडून वाद चालू. इतकी वर्षं उभा आहे, अकरा दिवस उभा राहणार नाही? राहील की. मुकादम काय मूर्ख होता? आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, मुकादमाच्या वेळी पुलावर केबिन नव्हती, पाण्याची टाकी नव्हती, बाजूला ते यंत्र नव्हतं. हत्ती नाचवा म्हणालास ना? आता नाचतोय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने लेकीलाच धरलं. "माऊ, चार दिवस रजा टाक ना."

"कशाला?"

"असंच. दमलीयेस. डोळ्यांखाली काळं आलंय."

"तुमच्या चष्म्याला आलं असेल, पुसा तो," ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुमचं काहीतरी बिनसलंय. जेवत नाही, बोलत नाही. डॉक्टरकडे जायचं का?"

तिनेच वाट दाखवली, आणि भित्र्या माणसाला वाट दिसली की तो विचार करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चपला घालायला घेतल्या तेव्हा कानसेन छातीवर हात ठेवून खुर्चीत बसला. "जरा दुखतंय गं. फार नाही. पण आज तू थांब."

माऊचा चेहरा एवढासा झाला. आईलाही असंच 'फार नाही' दुखलं होतं. तिने चपला काढल्या, फोन केला, रजा सांगितली. "पहिल्या खिडकीवर टकळी बसेल म्हणाले. दुसरी आज बंद." मग बापाला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने नळी लावली, पट्टी काढली, म्हणाला काही नाही, वात असेल, आराम करा. घरी आणून तिने त्याला पलंगावर आडवं केलं, पायांवर पांघरूण घातलं आणि उशाशी बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून कानसेनला आपलीच लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेहून मोठं दुसरंच काहीतरी वाटत होतं. सुटलो, पोरगी खाली आहे, असं.

दुपारी साडेचारला तिचा फोन वाजला. टकळी होती. तिचा आवाज फोनच्या बाहेर ऐकू यायचाच.

"काय गं, कसे आहेत काका? हो? बरं झालं बाई. इथे काय सांगू तुला मज्जा! अगं सकाळपासून माझा खण आपोआप उघडतोय. बंद करते, गाडी गेली की हा बाहेर! पेन ठेवलं की घरंगळतं, थेट रुळांच्या बाजूला. मी म्हटलं केबिनीलाही कंटाळा आला असेल, घरी जायचं असेल तिला. चल ठेवते, रांग आलीये. पाचची गर्दी सुरू होईल आता."

माऊ हसत हसत बापाकडे वळली. "ऐकलंत? हिचं पेनसुद्धा पळून जातंय हिच्यापासून." आणि तिचं हसू तिथेच थांबलं. कानसेन पलंगावर उठून बसला होता. तोंड पांढरं पडलेलं.

"बाबा! पुन्हा दुखतंय?"

"पेन कुठल्या बाजूला म्हणाली?"

"काय?"

"पेन! घरंगळतं कुठल्या बाजूला?"

"रुळांच्या. का?"

मग त्याने सांगितलं. आधी ततपप झालं, मग बांध फुटावा तसं सगळं आलं. आतले बोल्ट, बाहेरचे बोल्ट, मुकादमाची रीत, नऊ वर्षं, गंजाचे ओघळ. केबिन बाहेरच्या अंगाला कलते आहे म्हणजे तिकडचे सांधे सुटताहेत. छातीत काही दुखत नव्हतं, हेही सांगितलं.

माऊ ऐकत होती.  शेवटी तिने एवढंच विचारलं, "चार दिवस तुम्हाला माहीत होतं?"

"खात्री नव्हती गं. नुसती भीती होती."

"आणि मला खाली उतरवलंत." ती उभी राहिली. "टकळीला वर बसवून."

"मी तिला नाही बसवलं—"

"कुणीतरी बसणारच होतं ना, बाबा?"

ती दाराबाहेर पडलीसुद्धा. पायात चपला होत्या की नव्हत्या कुणास ठाऊक. कानसेन पलंगाखालून हातोडीची पिशवी ओढून तिच्या मागे धावला. गुडघे करकरत होते. पुढे माऊ चालता चालता फोन लावत होती. टकळी उचलत नव्हती, समोर रांग असणार. साहेबाचा फोन बंद. स्टेशनमास्तरांचा लागला. तिने धापा टाकत सांगितलं, "पूल रिकामा करायचाय, गाड्या बाहेर थांबवा." ते म्हणाले, कुणाच्या हुकमावरून? तिने फोन तोडला. दहा मिनिटांची वाट सहा मिनिटांत संपली, आणि त्या सहा मिनिटांत कानसेनने जितके देव आठवले तितके आयुष्यात आठवले नव्हते.

पाचला दहा कमी होते. पुलावर साठ-सत्तर माणसं होती, पलीकडच्या जिन्यापाशी नेहमीचा हवालदार उभा होता, गावाकडच्या बाजूने लोंढा सुरू झाला होता. सहाव्या सांध्याखाली रुळांमधल्या खडीवर रंगाचे ताजे कपचे पडलेले दिसत होते. कानसेनने ते बघितले आणि त्याची पाचावर धारण बसली.

"जिन्याच्या जाळीची किल्ली?" माऊने विचारलं.

"आहे."

"तुम्ही खाली जाळी लावा. एकालाही वर सोडू नका. मी वर जाते."

त्याने तिचं मनगट पकडलं. "तू नको. माऊ, तू नको जाऊस. मी जातो."

"तुमचे गुडघे बघा. तुम्ही वर पोचेपर्यंत गाडी येईल."

"दुसऱ्या कुणालातरी—"

"कुणाला?" तिने थेट डोळ्यांत बघितलं. "सांगा ना, कुणाला पाठवू?"

त्याची बोटं आपोआप सुटली. ती एकेक पायरी गाळत वर गेली.

सरकती जाळी कित्येक वर्षांत कुणी ओढली नव्हती. कानसेनने अंगाचा सगळा जोर लावला तेव्हा ती कुरकुरत आली. त्याने ती अर्ध्यावर आणली, पाठ टेकवून उभा राहिला. खाली उतरणाऱ्यांना वाट, चढणाऱ्यांना नाही. लोक भडकले. "अहो, गाडी चुकेल आमची!" "दारू प्यायलाय का हा?" "बाजूला हो रे म्हाताऱ्या!" एकाने गचांडी धरली. एकाने पिशवी हिसकली. कानसेन ओरडत होता, "पूल वाईट वाजतोय! पूल वाईट वाजतोय!" आणि दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

तेवढ्यात वरून भोंगा बोलायला लागला. केबिनीत गिऱ्हाइकांशी बोलायचा माईक होता, तो माऊने पूर्ण मोठा केला होता.

"ऐका. सगळ्यांनी जागेवर थांबा. कुणी पळायचं नाही. हवालदारसाहेब, पलीकडचा जिना अडवा, नवीन माणूस वर येऊ देऊ नका. आता जिन्याजवळचे दहा जण उतरतील. फक्त दहा. चालत."

आवाज कसा, तर पुढची खिडकी बंद आहे हे सांगावं तसा. कानसेनला एकट्याला कळत होतं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो किंचित कापतोय. दहा उतरले. मग आणखी दहा. तो उतरणारी डोकी मोजत होता आणि प्रत्येक डोकं तिचं नव्हतं. वीस, तीस. एक बाई मूल कडेवर घेऊन उतरली. एक म्हातारा काठी टेकत, एकेका पायरीवर थांबत. कानसेनच्या मनात आलं, अरे लवकर उतर की, मेल्या! आणि तो विचार आल्याबरोबर त्याने दात ओठात रुतवले. चाळीस. वरून कुठूनतरी 'टक' आवाज आला, मग खडीवर काहीतरी जड पडलं. खालचा आरडाओरडा एकदम बंद झाला. गचांडी धरणाऱ्याने हात काढून घेतला. स्टेशनमास्तर फलाटावर धावत आले आणि फोनवर ओरडले, येणारी गाडी बाहेरच थांबवा.

"पुढचे दहा," भोंगा म्हणाला.

शेवटी टकळी आली. तिच्या आईनेही तिला कधी बघितलं नसेल, अशी गप्प. डबा छातीशी धरलेला. तिच्या मागे कुणी नव्हतं.

"माऊ?" कानसेन किंचाळला.

"टाकीचा नळ सोडतेय," टकळी पुटपुटली. "वजन कमी होईल म्हणे."

पुलाच्या कडेवरून, विजेच्या तारेपासून दूर, पाण्याची धार फलाटावर पडू लागली. ती पडत राहिली, पडत राहिली. मग माऊ जिन्याच्या तोंडाशी दिसली. भिंतीला हात लावत, हळूहळू उतरली. बापाच्या शेजारून गेली. त्याने हात पुढे केला, तिने तो धरला नाही. समोर तिकीटघराची अर्धी पाडलेली भिंत होती, तिला टेकून ती उभी राहिली.

साहेब अर्ध्या तासाने आला. आधी संतापलेला होता, खडीवर पडलेला नट हातात घेतल्यावर बोलायचा थांबला. जो ब्लॉक अकरा दिवसांनी मिळणार होता तो तीन फोनमध्ये मिळाला. सगळ्या गाड्या थांबल्या, वीज बंद झाली, ठेकेदाराचा वेल्डर शिडी घेऊन वर चढला आणि बाहेरचा पहिला बोल्ट वाजवला.

टण्ण.

दुसरा टण्ण. तिसरा टण्ण. कानसेन खाली उभा होता, डोळे मिटून. चौथा, ठक. पाचवा, ठक. सहाव्याला हातोडी लावायची गरज पडली नाही, तिथे नुसतं भोक होतं. वेल्डरने बारा वाजवले, त्यातले सात मेलेले. मग तो शिडीवरून उतरला आणि म्हणाला, मला पोरंबाळं आहेत, पुढचे दुसऱ्याला सांगा.

आणि मग गंमत बघा लोकांची! ज्यांनी शिव्या घातल्या तेच पुढे आले. गचांडी धरणाऱ्याने कानसेनचे दोन्ही हात हातात घेतले. मूल कडेवर असलेली बाई रडत होती, त्याच्या पाया पडायला वाकली. कुणी फोटो काढले. टकळीची टकळी परत सुरू झाली, "अहो, आजारी माणूस अंथरुणातून उठून आला!" साहेबाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. केबिनीच्या कागदावर त्याचीही सही होती.

"काका, आज तुमचा कान नसता तर माझं काय झालं असतं? घरबसल्या ऐकलंत तुम्ही! मी वर लिहून कळवतो."

कानसेनने मान वर केली नाही. बोलला नसता तरी चाललं असतं. वही त्याच्याजवळ होती. मुकादम केव्हाच वारला होता. बोल्ट काल चांगले होते, आज यंत्राच्या धक्क्याने गेले, असं कुणीही मानलं असतं. त्याने भिंतीकडे बघितलं. माऊ तिथेच होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती, आणि तिचे कान मात्र इकडे होते.

साहेब फोनवर बोलायला लागला होता, वरच्या साहेबांशी असावं. "हो सर, सगळे सुखरूप. नाही सर, पुढच्या स्टेशनांवरही केबिनी पुलावरच बसवल्यात, गेल्याच आठवड्यात. तिथली काळजी करू नका. त्या सगळ्या पुलांवर यांचीच सही आहे."

भिंतीपाशी माऊने मान वर केली.

सहा वाजून गेले होते. कचेऱ्या सुटायची वेळ. सगळ्या मार्गावर, उरलेल्या तेराही पुलांवर, आत्ता माणसं चढत असतील. कानसेनने साहेबाच्या हातातल्या फोनवर आपला हात ठेवला. 

"साहेब, त्यांना सांगा, आधी माणसं खाली उतरवा. माझी सही खोटी आहे."